३५ टक्के सुटतात म्हणून १० लाखांचं कर्ज काढायचं का?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

"ताई, सा. न. वि. वि. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. वय ३८, शिक्षण बारावी. सासऱ्यांची पिठाची गिरणी आहे. त्याच शेडमध्ये मी तीन वर्षांपूर्वी मिरची कांडप यंत्र बसवलं. दळण-कांडप चालतंच, शिवाय मी कांदा-लसूण चटणी करून विकते. आमच्याकडची बरीच घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कोईमतूर, विजयवाडा, कोलकाता अशी बाहेर आहेत. ती माणसं जत्रेला नाहीतर मे महिन्यात गावी येतात आणि जाताना पाच-दहा किलो चटणी नेतात. काहींना मी कुरिअरने पाठवते. गेल्या उन्हाळ्यात ३०० किलो गेली. साहित्याला किलोमागे २७० रुपये पडतात, मी ४०० ने देते, म्हणजे १३० सुटतात. देठ काढायला आणि भाजायला भावकीतल्या दोघी येतात, त्यांना रोज ३०० प्रमाणे हजेरी देते. उन्हाळ्यात पंचवीस दिवस हे काम चालतं.

आता एक एजंट म्हणतो, केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेतून १० लाखांचा प्रकल्प करू. पल्व्हरायझर म्हणजे पूड करायचं यंत्र, भाजणी यंत्र, पॅकिंग यंत्र, नवं शेड. ३५ टक्के अनुदान, म्हणजे साडेतीन लाख फुकट. त्याची फी ५ टक्के. त्याने कागदपत्रं नेली आहेत आणि सही केलेले दोन कोरे चेकही. मालक म्हणतात करू. सासरे म्हणतात, 'फुकाटचा पैसा कधी फुकाट नसतोय.' शेड, घर, सातबारा सगळं सासऱ्यांच्या नावावर आहे.

दुसरी अडचण उधारीची. दळण-कांडपाचे ४१,००० रुपये गावात अडकलेत. त्यातले ६,००० एकट्या चुलत दिरांचे. जो तो म्हणतो उसाचं बिल आलं की देतो. उधारी बंद केली तर माणसं तुटतील. मी कर्ज काढू का नको? उधारीचं काय करू? आणि चटणीला नाव काय ठेवू, तेही सांगा."
— एक वाचक भगिनी

ताई,

कर्जाचं नंतर बघू. आधी ते दोन चेक. उद्या बँक उघडल्या उघडल्या जा, चेकबुकातल्या पुढच्या-मागच्या पानांवरून त्या दोन चेकचे नंबर काढा आणि ते वटवू नयेत असं लेखी पत्र द्या. पत्रात कारण लिहा, की या माणसाचं माझ्याकडे कुठलंही देणं नसताना त्याने कर्जाच्या कामासाठी म्हणून हे सही केलेले कोरे चेक घेतले आहेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. मग त्याला मोबाईलवर लेखी निरोप टाका, की चेक आणि कागदपत्रं आठ दिवसांत परत हवीत. फोनवर बोलत बसू नका, बोललेलं मागे राहत नाही. सही केलेल्या कोऱ्या चेकवर उद्या कुणी आकडा घातला आणि तो परत गेला, तर कोर्टात 'मी देणं लागत नव्हते' हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पुढे कुणालाही आधारची प्रत देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते पेनाने लिहा.

आता त्याच्या ५ टक्के फीबद्दल. १० लाखांवर ५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये. ही योजना २०२० साली सुरू झाली आणि आपल्या राज्यात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं, बँकेशी बोलणं या कामांसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचा मोबदला योजनेतूनच दिला जातो, अर्जदाराकडून काही घ्यायचं नसतं. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन एवढंच विचारा, की सध्या अर्ज घेता का आणि आपल्या भागाची संसाधन व्यक्ती कोण. म्हणजे तुमचा एजंट सरकारने ज्याचे पैसे आधीच ठेवलेत तेच काम तुम्हाला ५०,००० ला विकतोय. बहुतेक वेळा यंत्राचं कोटेशन देणारा दुकानदारही एजंटच्याच ओळखीतला निघतो आणि कोटेशनमध्ये किंमत फुगवलेली असते. तुमच्या बाबतीत तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण तीच यंत्रं, त्याच अश्वशक्तीची, सांगलीत किंवा कोल्हापुरात दोन ठिकाणी स्वतः जाऊन विचारून या. फरक किती ते तुम्हालाच दिसेल.

"साडेतीन लाख फुकट" हेही पुरतं खरं नाही. प्रकल्पाच्या किमान १० टक्के, म्हणजे १ लाख, तुम्ही घालायचे. उरलेले ९ लाख बँकेचं कर्ज. अनुदान येतं ते तुमच्या हातात येत नाही, बँकेत तुमच्या कर्जासमोर वेगळ्या खात्यात पडून राहतं. तीन वर्षं युनिट चालू राहिलं आणि कर्ज थकलं नाही, तर ते कर्जात वळतं होतं. मधेच यंत्रं गंजत पडली, तर अनुदानाची खात्री नाही आणि हप्ता मात्र चुकत नाही. सासरे अनुभवाने बोललेत, त्यांना योजनेची कलमं माहीत असायची गरज नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी अडचण एजंट नाही. ती आहे त्या १३० रुपयांत.

साहित्य २७० ला. बरोबर. पण दोघी बायका, रोज ३००, पंचवीस दिवस, म्हणजे १५,००० रुपये. ३०० किलोवर ते वाटले तर किलोला ५०. गॅस, पिशव्या, खोकी यांना मी कमीत कमी २० धरते. झाले ३४०. आता तुमचं यंत्र. मार्च ते मे कांडपाला रांग असते हे तुम्हीही जाणता. त्या दिवसांत तुमची चटणी कांडायला यंत्र गुंतलं की तेवढं बाहेरचं गिऱ्हाईक थांबतं. लोकांकडून तुम्ही कांडपाचे किलोला ४० घेत असाल, तर तेच ४० चटणीवरही चढवायला हवेत. तुमचा दर निराळा असेल तर तो घाला. झाले ३८०. आणि राहिलात तुम्ही. पंचवीस दिवस डोळ्यांत मिरची जात असताना तुम्ही कढईपुढे उभ्या आहात. रोजचे ४०० धरले तरी १०,०००, किलोला ३३. एकूण ४१३.

चटणी जाते ४०० ने.

म्हणजे किलोमागे १३० सुटत नाहीत, १३ जातात. घरातलं यंत्र, घरातली माणसं आणि स्वतःचे हात हिशोबात नसले की प्रत्येक घरगुती धंदा फायद्यात दिसतो. १० लाखांचं युनिट झालं की हे झाकून राहणार नाही, कारण बाहेरची बाई स्वतःची हजेरी विसरत नाही आणि बँक व्याज विसरत नाही.

दर वाढवा. ५२० करा. तुम्हाला धास्ती वाटेल म्हणून सांगते. तुमची चटणी गावात विकली जात नाही, गावातल्या बायका स्वतःची वर्षाची चटणी स्वतः करतात आणि तुमच्याकडे फक्त कांडायला येतात. विकत घेणारी आहेत ती गलाईवाल्यांची घरं. त्यांच्या कोईमतूरच्या स्वयंपाकघरात आमटीला सासरच्या चवीची चटणी हवी असते आणि ती तिथल्या दुकानात मिळत नाही. १२० रुपये जास्त द्यायला त्यातल्या फार थोड्या कुरकुरतील. ज्या कुरकुरतील त्यांना अर्धा किलो कमी घेऊ द्या, पण दर पाडू नका. ५२० ला विकलं तर सगळा खर्च आणि तुमची मजुरी वजा जाता किलोला १०७ उरतात. हा तुमचा पहिला खरा नफा.

आता हप्ता बघू. ९ लाख, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिना साडेएकोणीस हजारांच्या घरात. अनुदान पुढे मिळणारच असं समजून साडेपाच लाखांवरच हिशोब केला तरी महिना १२,०००, वर्षाला १,४४,०००. किलोला १०७ प्रमाणे नुसता हप्ता भागवायला साडेतेराशे किलो चटणी खपायला हवी. आज खपते ३००. शिवाय तुमचा पैसा येतो उन्हाळ्याच्या चार महिन्यांत आणि हप्ता येतो बाराही महिने. भर श्रावणात १२,००० कुठून आणायचे, हा प्रश्न एजंटच्या प्रकल्प अहवालात नसतो. तिथे दरमहा सारखीच विक्री दाखवलेली असते.

आणि यंत्रं कोणती घेताय ते तरी बघा. पल्व्हरायझर वेगाने फिरतो, माल तापतो, पूड बारीक होते आणि वास उडतो. मसाल्याच्या कारखान्याला ते परवडतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक रंग आणि बारीकपणा बघतं. तुमच्या गिऱ्हाइकाला कांडलेली, जाडसर, तेल सुटलेली चटणी हवी असते. ज्या चवीवर हा धंदा उभा आहे, तीच पहिली बदलणार. भाजणी यंत्राचं वेगळं आहे. वर्षाला हजार किलोच्या पुढे गेलात तर हाताने भाजणं माणसाच्या कुवतीबाहेरचं होतं आणि प्रत्येक घाणा सारखा उतरत नाही. कांदा कुठे करपतो, कुठे ओलसर राहतो, आणि ओलसर राहिलेल्या कांद्यानेच पावसाळ्यात डब्याला बुरशी धरते. तेव्हा भाजणी यंत्र आणि साधं पिशवी बंद करायचं यंत्र एवढ्यासाठी कर्ज काढायला माझी ना नाही. पण ते तेव्हा, आणि तेवढंच.

तुम्हाला आज कमी पडतंय ते यंत्र नाही, फेब्रुवारी-मार्चमधली रोकड आहे. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची आवक जानेवारीपासून वाढते. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाचा फोन आला की दहा-वीस किलो आणत असणार, आणि मे महिन्यात सगळा गाव मिरची घेत असताना चढ्या भावाने घेत असणार. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण उधारीत ४१,००० अडकलेल्या माणसाला दुसरं करता येत नाही. किलो मिरचीची पावणेतीन किलो चटणी उतरते असं धरलं, तर पुढच्या वर्षी ५०० किलो करायला १८० किलो मिरची लागेल. भाव ३०० धरला तर ५४,००० रुपये. एकदम, रोखीने, आवक भरात असताना. शक्य असेल तर गडहिंग्लजच्या मिरची बाजारात एकदा स्वतः जा. ब्याडगीला, हावेरी जिल्ह्यात, एकटीने जायची गरज नाही, पण तुमच्या भागातून तिथे जाणारे व्यापारी आहेत, त्यांच्या गाडीतून माल येऊ शकतो. मिरची उन्हात कडक वाळवूनच साठवा. ओल राहिली की बुरशी, आणि त्या बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, भाजून जातही नाही. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्यासाठी शीतगृहं भरपूर आहेत. मिरचीला वेगळी खोली देतात का आणि पोत्याला महिन्याचं भाडं किती, हे एका फोनवर कळेल.

त्या ५४,००० साठी नऊ लाखांचं कर्ज लागत नाही. तुम्ही 'उमेद'च्या बचत गटात असाल (बारावी झालेली, गिरणी चालवणारी बाई गटात नसेल तर मला नवल वाटेल), तर याच योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. ते गावच्या ग्रामसंघाकडून किंवा प्रभागसंघाकडून येतं आणि परत करायचं असतं. एजंटने ते सांगितलं नसणार, कारण ४०,००० वर ५ टक्के म्हणजे २,००० होतात. आणि उरलेली रक्कम तुमच्या गावातच आहे. ते ४१,००० म्हणजे तुम्ही गावाला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. ते वसूल करण्याआधी स्वतः व्याजाने पैसे आणणं मला पटत नाही.

तर उधारी. "माणसं तुटतील" ही भीती खोटी नाही. गावात गिरणीवरचं बोलणं संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतं. म्हणून सरसकट पाटी लावू नका. तुमच्या उधारीत दोन निराळी माणसं एकाच वहीत लिहिली गेली आहेत, ती आधी वेगळी करा. एक, रोजंदारीवर जाणारी बाई. तिला आठवड्याचा पगार शनिवारी किंवा बाजारादिवशी मिळतो आणि दळण बुधवारी लागतं. तिची उधारी चालू ठेवा, तिने कधी बुडवलेलं नसेल. फक्त मर्यादा ठरवा, समजा २०० रुपये, आणि बाजारादिवशी चुकतं करायचं. दुसरा, ज्याला उसाचं बिल येतं तो. उसाचे पैसे कारखान्याने १४ दिवसांत द्यावेत असा नियम १९६६ च्या आदेशापासून आहे. तो कितपत पाळला जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण कारखान्याने शेतकऱ्याचं बिल थकवलं म्हणून त्याचा भार गिरणीवालीने का सोसायचा? त्याच माणसाने पंपावर पेट्रोल उधार मागितलेलं नसतं.

कांडप मात्र सगळ्यांनाच रोखीने. दळण आठवड्याचं असतं, कांडप वर्षातून एकदा. त्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते, त्या तयारीत ३०० रुपये बाजूला काढणं कुणालाच अवघड नसतं. हे मार्चमध्ये सांगू नका, डबा हातात असताना नाही म्हटलेलं लागतं. संक्रांतीला हळदी-कुंकवाला बायका येतील तेव्हाच सांगून ठेवा, "वहिनी, यंदा कांडप रोखीनं ठेवलंय बघा, सगळ्यांनाच." आणि त्या "सगळ्यांनाच"मध्ये तुमच्या माहेरची माणसंही आली. पहिला नियम घरच्याला लागला की बाकीचे फारसे बोलत नाहीत. पैसे दिल्याशिवाय डबा न्यायचा नाही हे तोंडाने म्हणायची गरज पडू नये म्हणून डबे आतल्या फळीवर ठेवा आणि स्कॅनर दारात लावा. "सुट्टे नाहीत" हे कारण तेवढ्यानं संपतं.

जुन्या ४१,००० चं काय? प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करा, तारखा आणि रकमा लिहून. लोक बुडवायचं म्हणून बुडवत नाहीत, त्यांना खरंच आठवत नसतं, आणि आकडा तोंडी सांगितला की वाद होतो. कागदावर असला की बहुतेक जण अर्धे तरी त्याच आठवड्यात देतात. वसुली तुम्ही किंवा मालकांनी करू नका, सासऱ्यांकडे द्या. गिरणी त्यांची, शब्दाला वजन त्यांच्या, आणि सुनेने पैसे मागितले तर जे बोलणं होतं ते सासऱ्यांनी मागितलं तर होत नाही. शिवाय कर्जाला विरोध करणारा माणूस वसुलीला लागला की तो तुमच्या धंद्यात आला. मला वाटतं त्यांना धंदा नको आहे असं नाही, त्यांना न विचारता कागदं गेली ते खटकलं असावं.

चुलत दिरांकडे रोख मागू नका. सहा हजार एकदम मागितले की ते जुन्या बांधाच्या भांडणापर्यंत जाईल. त्यांच्या रानात कांदा किंवा लसूण असेल तर तेवढ्या रकमेचा माल घ्या, त्या दिवशीच्या बाजारभावाने, आणि भाव त्यांनाच सांगू द्या. तुम्हाला चटणीला कांदा लागणारच आहे. त्यांना पाकिटातून पैसे काढल्यासारखं वाटणार नाही आणि वहीतलं पान फिटेल. पूर्वी गिरणीवर धान्याने दळणं व्हायचीच की.

आता एक कागदोपत्री गोष्ट, जी एजंट सांगणार नाही आणि सांगितली तर चुकीची सांगेल. छोट्या व्यापाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. ती सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. तुम्ही इथून कोईमतूरला कुरिअरने चटणी विकली की ती दुसऱ्या राज्यातली विक्री झाली आणि अशा मालाला पहिल्या किलोपासून नोंदणी लागते. गावी येऊन पैसे देऊन हातात पिशवी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक या नियमात बसत नाही. तेव्हा एक तर परराज्यातलं कुरिअर थांबवून गावातच विक्री ठेवा, किंवा त्या बाहेरच्या ऑर्डरी वाढणारच असतील तर तालुक्यातल्या कर सल्लागाराला वर्षाची फी विचारून नोंदणी करा. ती फी किलोमागच्या खर्चात धरा. माझं मत विचाराल तर यंदा कुरिअर थांबवा. जत्रा आणि मे महिना मिळून ५०० किलो जाऊ शकते.

अन्न सुरक्षा नोंदणी मात्र लगेच. तुमच्याएवढ्या उलाढालीला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते आणि फी किरकोळ असते. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. त्याबरोबर वजन, किंमत, कधी भरली तो महिना आणि वर्ष, कधीपर्यंत चांगली राहील, काय काय घातलंय, आणि तुमचा पत्ता व फोन. उद्यम नोंदणीही करून घ्या, ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका.

आणि या सगळ्या नोंदण्या तुमच्या नावावर. यात भिडेला पडू नका. शेड सासऱ्यांचं आहे, ठीक, त्यांच्याकडून स्टँपवर संमतीपत्र किंवा नाममात्र भाडेकरार घ्या, तेवढ्यावर काम होतं. खातं वेगळं काढा, घरखर्चाचं आणि उसाचं त्यात मिसळू नका. उद्या दोन-तीन वर्षांनी तुम्ही खरंच कर्ज मागायला जाल तेव्हा बँक या खात्यातली ये-जा बघते. तेव्हा सासऱ्यांचा सातबारा तारण ठेवायची वेळही येऊ नये. सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. मागितलं तर "तसं लेखी द्या" एवढंच म्हणा.

मालकांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते "करू" म्हणतात त्यात तुमच्याविषयीचं कौतुकच असेल. त्यांना हा हिशोब दाखवा, मी मांडलाय तसा नको, त्यांच्या हाताने मांडायला लावा. ४१३ चा आकडा स्वतः काढलेला माणूस १० लाखांची घाई करत नाही. वर्षाला हजार किलो खपायला लागली, पैसे हातोहात येऊ लागले आणि भाजायला दोन कढया पुरेनाशा झाल्या, की तीन-चार लाखांचा अर्ज करा, फक्त भाजणी आणि पॅकिंगचा. त्या वेळी योजना याच नावाने असेल किंवा दुसऱ्या. तुमच्या आवाक्यातलं कर्ज तेव्हाही मिळेल. तोवर जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेतर्फे चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, मसाल्याचं प्रशिक्षण कधी आहे ते विचारून ठेवा. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत असतं. गिरणी तेवढे दिवस सासूबाई बघतील का, हे मात्र तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.

राहिलं नाव. त्यावर डोकं शिणवू नका आणि लोगोवर सध्या एक रुपया घालू नका. बाहेरगावची माणसं तुमची चटणी आत्ताही गावाच्या नावाने मागत असणार, तेच छापा. 'गावरान', 'अस्सल', 'घरगुती' यांतलं काही लावू नका, त्या नावांनी बाजार भरलाय आणि त्यातली निम्मी कारखान्यात होते. स्टिकरवर नाव लहान असलं तरी चालेल, फोन नंबर मोठा आणि तेलाने न पुसणाऱ्या शाईत छापून घ्या.